आखाडा, वर्ग, मंडळ : अमरावतीच्या एका क्रीडासंस्थेच्या इतिहासाची प्रस्तावना

१

क्रीडासंस्थांचा इतिहास मराठीत आजवर बहुतांशी स्मरणिकांच्या रूपाने लिहिला गेला आहे. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी यांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे, मान्यवरांचे शुभसंदेश, पदकविजेत्यांच्या याद्या आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश असतात. परंतु ती संस्था कोणत्या गरजेतून उभी राहिली, तिने कोणाला दार उघडले आणि कोणाला उघडले नाही, तिचा खर्च कोणी सोसला आणि तिच्यातून बाहेर पडलेली माणसे पुढे कोठे गेली, या प्रश्नांना तेथे सहसा जागा मिळत नाही. राजकीय चळवळी, समाजसुधारणा आणि साहित्य यांना मराठी इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते आखाड्याला आणि क्रीडांगणाला अद्याप मिळालेले नाही.

प्रस्तुत विषय ज्या संस्थेचा आहे, ते अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादास कृष्ण वैद्य आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून वाढले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले. तिच्या इतिहासाकडे पाहताना पहिला प्रश्न मोजपट्टीचा येतो. युरोपातील व्यावसायिक क्लबचा, म्हणजे खेळाडूंना वेतन देऊन सामने खेळवणाऱ्या आणि प्रेक्षकांच्या आधारावर जगणाऱ्या संघटनेचा, इतिहास करंडकांच्या मोजपट्टीने लिहिता येतो, कारण तो क्लब करंडकासाठीच जन्माला आलेला असतो. अमरावतीच्या मंडळाला हीच मोजपट्टी लावली, तर त्याचे काम तीत मावत नाही. कारण या मंडळाने प्रामुख्याने शिक्षक घडवले, आणि शिक्षकाच्या कामाची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. मंडळाचा इतिहास हा व्यायामशिक्षकाचा इतिहास म्हणून वाचला पाहिजे, हे या प्रस्तावनेचे प्रतिपाद्य आहे.

हे प्रतिपाद्य स्पष्ट होण्यासाठी येथे स्पेनमधील बास्केटबॉल क्लबांशी, विशेषतः बदालोना येथील जोवेंतूत या क्लबशी, वेळोवेळी तुलना केली आहे. ही निवड वरवर पाहता दूरची वाटेल. परंतु बार्सिलोनाच्या शेजारचे बदालोना हे कारखान्यांचे गाव, अमरावती ही कापसाची पेठ, आणि दोन्ही ठिकाणी राजधानीपासून दूर राहणाऱ्या नागरिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःच्या बळावर क्रीडासंस्था उभ्या केल्या. शिवाय १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात अमरावतीची वाट आणि स्पेनच्या बास्केटबॉलची वाट बर्लिनमध्ये एकमेकींना भेटता भेटता राहिल्या.

२

संस्थेचे नाव हा तिच्या इतिहासाचा पहिला दस्तऐवज असतो. बदालोनाचा क्लब १९३० साली स्थापन झाला, तेव्हा त्याच्या नावात ‘पेन्या’ हा शब्द होता. या शब्दाचा अर्थ मित्रांचा जमाव, आपल्याकडील कट्ट्यावरचे मंडळ. आणि त्याला जोडलेला ‘स्पिरिट’ हा इंग्रजी शब्द अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाच्या नावावरून घेतलेला होता. पुढे ‘जोवेंतूत’, म्हणजे तारुण्य, हे कातालान भाषेतील नाव आले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत प्रादेशिक भाषांवर निर्बंध असल्याने ते स्पॅनिश रूपात वापरावे लागले. आणि आजही चाहते त्या क्लबला ‘ला पेन्या’ असेच म्हणतात. माद्रिदमधील ‘एस्तुदियांतेस’ या क्लबच्या नावाचा अर्थ विद्यार्थी असा होतो, कारण तो १९४८ साली एका शाळेतून निघाला.

अमरावतीच्या संस्थेच्या नावातील प्रत्येक पदही असेच बोलके आहे. ‘श्री हनुमान’ हे पद आखाड्याच्या परंपरेतून येते. महाराष्ट्रातील तालमीत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर असते आणि तिला नमस्कार केल्याशिवाय मातीत पाय ठेवला जात नाही. ‘व्यायाम’ या पदाने कुस्तीच्या पलीकडचे क्षेत्र खुले केले, कारण कुस्ती हा व्यायामाचा एक प्रकार आहे, पण व्यायाम म्हणजे केवळ कुस्ती नव्हे. ‘मंडळ’ हे पद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजलेल्या सार्वजनिक जीवनाचे आहे; आखाडा वस्तादाचा असतो, तर मंडळाला घटना, कार्यकारिणी, सभासद आणि जमाखर्च असतो. या सर्वांत महत्त्वाचे पद ‘प्रसारक’ हे आहे. प्रसार करणारा एका जागी थांबत नाही, आणि त्याचे यश त्याच्याजवळ किती बल साठले यावर नव्हे, तर त्याच्यापासून किती दूर पोहोचले यावर ठरते. आखाड्याचे मंडळ होणे ही त्या काळात अनेक गावांत घडलेली गोष्ट होती. मंडळाने ‘प्रसारक’ हा शब्द अक्षरशः घेणे, ही अमरावतीची विशेषता ठरली.

३

ही संस्था अमरावतीतच का उभी राहिली, याचे उत्तर वऱ्हाडच्या विशिष्ट स्थितीत शोधावे लागते. वऱ्हाड हा प्रदेश निजामाच्या राज्यातून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला; त्यामुळे मुंबई आणि पुणे येथील मराठी सार्वजनिक जीवनाशी भाषेने जोडलेला, पण प्रशासनाने वेगळा, असा हा प्रांत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाला आलेल्या मागणीने येथील काळ्या जमिनीला भाव आला, मुंबई ते नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून गेला, अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला, आणि जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांभोवती व्यापारी, वकील आणि डॉक्टर यांचा एक सधन मध्यमवर्ग तयार झाला. या वर्गाचे राजकीय वजन लक्षणीय होते. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरले, दादासाहेब खापर्डे हे त्याचे स्वागताध्यक्ष होते, आणि १९१२ साली अमरावतीचेच रंगनाथ नरसिंह मुधोळकर काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

टिळकांच्या राजकारणाशी जोडल्या गेलेल्या या शहरात शरीरबलाचा विचार केवळ आरोग्याचा विचार राहणे शक्य नव्हते. परकीय सत्तेखालील समाज दुबळा झाला आहे, आणि ते दौर्बल्य घालवल्याशिवाय स्वराज्य मिळणार नाही व मिळाले तरी टिकणार नाही, ही धारणा त्या पिढीत सर्वत्र होती. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव आणि पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन करणारे कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे कार्य याच धारणेतून उभे राहिले. पुढे लाहोर कटात फाशी गेलेले शिवराम हरी राजगुरू यांनी तरुणपणी अमरावतीच्या मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून येतो. तथापि या एका तेजस्वी नावाच्या प्रकाशात मंडळाचा सारा इतिहास क्रांतिकार्याचा म्हणून मांडणे योग्य होणार नाही. आखाड्यात आलेल्या तरुणांपैकी बहुसंख्य पुढे शेतात, दुकानात, कचेरीत किंवा शाळेत गेले, आणि संस्थेचा खरा विस्तार या साध्या माणसांतूनच झाला.

४

त्या काळच्या आखाड्यात नेमके काय शिकवले जात असे, हे समजल्याशिवाय त्याचे शाळेत रूपांतर होण्याचे महत्त्व कळत नाही. आखाड्याचा गाभा म्हणजे हौदा, अर्थात कुस्तीसाठी खणून मऊ मातीने भरलेली चौकोनी जागा. ही माती शेतातून आणून तशीच टाकली जात नाही. ती चाळून घेतात, तीत काव, हळद, तेल, ताक आणि लिंबाचा रस मिसळतात आणि दररोज फावड्याने उकरून ती भुसभुशीत ठेवतात. नवशिक्याला पहिले कित्येक दिवस डाव शिकवले जात नाहीत. तो माती उकरतो, जोर आणि बैठका काढतो आणि मोठ्यांची कुस्ती पाहतो. जोर म्हणजे हात आणि पाय जमिनीवर टेकवून शरीर कमानीसारखे खाली-वर नेणे, आणि बैठक म्हणजे पायांवर वारंवार बसून उठणे. या दोन व्यायामांना कोणतेही साधन लागत नाही, आणि म्हणूनच ते गरिबांच्या घरीही पोहोचले.

आखाड्याचे दुसरे अंग मल्लखांब हे होय. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, अशी परंपरा आहे. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत जाणारा हा गुळगुळीत लाकडी खांब मूळ कुस्तीगिराला प्रतिस्पर्ध्याविना सराव करता यावा यासाठी होता, आणि म्हणून त्याच्या भागांची नावेही माणसाच्या शरीरावरून पडली: खालचा जाड भाग ते अंग, त्यावरचा बारीक भाग ती मान, आणि टोकावरचा गोलसर भाग ते बोंड. कपाशीचे बोंड ज्याने लहानपणापासून हाताळले आहे, अशा वऱ्हाडी मुलाला हा शेवटचा शब्द समजावून सांगावा लागत नसे. खांबाला एरंडेल तेल चोळलेले असते, त्यामुळे केवळ हाताच्या पकडीवर तो सर करता येत नाही. मांड्या, पोटऱ्या आणि पायांचे अंगठे यांनी त्याला वेढा घालावा लागतो. खांब पकडून शरीर उलटे वर नेण्याला तेढी म्हणतात, आणि साधी तेढी साधल्याशिवाय पुढचे काहीच येत नाही.

लाठी, बोथाटी, फरीगदगा, दांडपट्टा आणि लेझीम हे या शिक्षणाचे उरलेले भाग होत. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा बोळा बांधलेला भाला, आणि फरीगदगा म्हणजे चामड्याची छोटी ढाल व तलवारीऐवजी वापरायची, वरून चामडे मढवलेली काठी. हे सारे शिक्षण तोंडी आणि प्रात्यक्षिक असे. वस्ताद करून दाखवीत असे, शिष्य अनुकरण करीत असे, आणि वस्तादाबरोबर त्याची कित्येक कौशल्ये निघून जात. ही विद्या शाळेच्या वेळापत्रकात आणायची, तर तिचे क्रमवार पाठ पाडणे, हुकूम ठरवणे, वयानुसार श्रेणी लावणे आणि परीक्षा घेणे आवश्यक होते. खेळांच्या बाबतीत असेच काम पुण्यात चालू होते. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली, म्हणजे अमरावतीचा आखाडा सुरू झाला त्याच वर्षी, खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाला लिखित नियम मिळाले, की तो परगावच्या संघाशी खेळता येतो, आणि तो शिकवण्यासाठी त्याच गावात जन्मलेला वस्ताद लागत नाही.

५

मंडळाच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणून १९२४ मध्ये सुरू झालेल्या उन्हाळी वर्गाकडे पाहिले पाहिजे. शाळांना सुट्टी असताना बाहेरगावच्या शिक्षकांना आणि तरुणांना अमरावतीत बोलवायचे, त्यांना संक्षिप्त अभ्यासक्रमातून देशी व विदेशी व्यायामपद्धती शिकवायच्या आणि परत पाठवायचे, ही योजना आज साधी वाटते; परंतु त्या वेळी शारीरिक शिक्षणाचे पद्धतशीर प्रशिक्षण देणाऱ्या संस्था देशात अगदी मोजक्या होत्या. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने वायएमसीए या ख्रिस्ती तरुण संघटनेच्या आश्रयाने १९२० साली असे विद्यालय काढले होते. त्याच्यामागे परदेशी संस्थेचा अनुभव आणि पैसा होता, तर अमरावतीच्या वर्गामागे एक स्थानिक आखाडा आणि त्याला मदत करणारे नागरिक होते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि अशा दिवसांत व्यायामाचा वर्ग भरवायचा, तर काम पहाटे आणि संध्याकाळी करावे लागते. तरीही वर्गासाठी हाच ऋतू निवडला गेला, कारण शिक्षकाला सवड मिळते ती याच दिवसांत.

येथे बास्केटबॉलच्या उगमाकडे वळणे उद्बोधक ठरेल. आज कोट्यवधींची उलाढाल असलेला हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी रचला, आणि ते व्यावसायिक खेळाडू नसून वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक होते. हिवाळ्यात सभागृहात कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना काहीतरी गुंतवून ठेवणारे द्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. हा खेळ बार्सिलोनात रुजवण्याचे श्रेय एउसेबियो मियान या शाळेत शिकवणाऱ्या पाद्र्याला दिले जाते. त्यांनी तो क्यूबात पाहिला आणि १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला. म्हणजे ज्या खेळाने स्पेनला नामवंत व्यावसायिक क्लब दिले, त्याच्या मुळाशीही दोन शिक्षकच आहेत. पुढे क्लब वाढले, शिक्षक मागे पडला; तथापि स्पेनमधील क्लब आपल्या कुमार खेळाडूंच्या शाखेला ‘कांतेरा’, म्हणजे दगडाची खाण, म्हणतात, आणि बदालोनाचा क्लब या खाणीसाठीच नावाजलेला आहे. रिकी रुबियो याच खाणीतून निघून २००५ साली, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला.

खाण आणि वर्ग या दोन शब्दांतच दोन संस्थांचा भेद सामावला आहे. खाणीतून निघालेला उत्तम दगड क्लबच्या भिंतीत बसवला जातो किंवा मोठ्या किमतीला विकला जातो. वर्गातून निघालेला शिक्षक आपल्या गावी परत जातो आणि त्याची कोणतीही किंमत संस्थेकडे परत येत नाही. आर्थिक दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, आणि तो शंभर वर्षे कसा निभावला, हा मंडळाच्या इतिहासकारापुढचा सर्वांत कुतूहलाचा प्रश्न आहे.

६

१९३६ सालचा बर्लिनचा दौरा हा मंडळाच्या इतिहासातील सर्वांत जास्त सांगितला गेलेला आणि सर्वांत कमी तपासला गेलेला भाग आहे. त्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डी, खो-खो, मल्लखांब आदी भारतीय खेळ व व्यायामप्रकार यांची प्रात्यक्षिके दाखवली. हे सामने नव्हते, आणि म्हणून पदकतालिकेत त्यांचा उल्लेख नाही. ती प्रात्यक्षिके होती, म्हणजे एका अर्थाने वर्गच होता, फक्त विद्यार्थ्यांच्या जागी परदेशी प्रेक्षक बसले होते.

त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पदकांच्या स्पर्धांत प्रथमच समावेश झाला, आणि पंच्याहत्तरीला टेकलेले नेस्मिथ तो पाहण्यासाठी उपस्थित होते. सभागृहासाठी जन्मलेला हा खेळ यजमानांनी उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर, खेळवला. १४ ऑगस्टला अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस पडून मैदानाचा चिखल झाला, चेंडू उसळेनासा झाला, मध्यंतरानंतर अमेरिका आणि कॅनडा या दोघांना प्रत्येकी चारच गुण करता आले, आणि सामना १९ विरुद्ध ८ असा अमेरिकेने जिंकला. याच पावसामुळे भारत आणि जर्मनी यांच्यातील हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे गेला, आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने तो ८ विरुद्ध १ असा जिंकला. खो-खोचे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असे पारंपरिक मैदान बास्केटबॉलच्या आजच्या २८ बाय १५ मीटरच्या मैदानाहून आकाराने फारसे वेगळे नाही. परंतु दोन खांबांखेरीज त्याला काही लागत नाही, आणि चेंडूच नसल्यामुळे तो उसळण्याचा प्रश्न येत नाही.

स्पेनचा बास्केटबॉल संघ मात्र बर्लिनमध्ये उतरलाच नाही. आदल्याच वर्षी जिनिव्हात झालेल्या पहिल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तो उपविजेता होता. परंतु जुलैच्या मध्यास स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, आणि अमेरिकेला स्पेनविरुद्धचा सलामीचा सामना न खेळताच बहाल झाला. त्याच आठवड्यात बार्सिलोनामध्ये बर्लिनच्या नाझी ऑलिंपिकचा निषेध म्हणून ‘जनतेचे ऑलिंपिक’ भरायचे होते, आणि तेही युद्धामुळे बारगळले. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, की बर्लिनचा दौरा केवळ गौरवाच्या स्वरात सांगता येत नाही. हिटलरने पथकाची वाखाणणी केल्याची गोष्ट अमरावतीत आजही अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्या राजवटीने शरीरसंस्कृतीचा उपयोग वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी केला होता, आणि बार्सिलोनात जमलेल्या खेळाडूंनी ते त्याच वेळी ओळखले होते. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या पथकाला जगाच्या व्यासपीठावर आपली विद्या दाखवण्याची संधी हवी होती, हे समजण्यासारखे आहे. तरीही दौऱ्याचे मोल यजमानाच्या प्रशस्तीवरून ठरवणे हे पथकाच्याच कष्टांवर अन्याय करणारे आहे. पथकाची खरी कमाई अशी, की आखाड्याच्या हौद्याशेजारी शिकवली जाणारी विद्या परक्या भाषेच्या प्रेक्षकांनाही एका बैठकीत समजावी इतकी सुसूत्र झाली होती. १९३८ साली कलकत्त्याला झालेल्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, आणि देशी खेळांच्या बाजूने वातावरण बदलू लागले होते, याची ती एक खूण होती.

७

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे रूप दोन अंगांनी बदलले. एकीकडे परदेशांशी संबंध टिकला. स्वीडिश व्यायामपद्धतीचे जनक पेर हेनरिक लिंग यांच्या स्मरणार्थ १९४९ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या दुसऱ्या लिंगियाड या व्यायाममहोत्सवात मंडळाने भाग घेतला. दुसरीकडे उन्हाळी वर्गातून उगवलेल्या प्रशिक्षणाला विद्यापीठीय चौकट मिळाली. १९६७ साली शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू झाले, आणि १९८३ साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाल्यावर ते नागपूरऐवजी या विद्यापीठाच्या कक्षेत आले. नंतरच्या काळात मंडळाने अभियांत्रिकी महाविद्यालयही काढले. मंडळाचे सचिव प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री देण्यात आली, आणि एका जिल्ह्याच्या गावातील व्यायामसंस्थेच्या कार्याची ती राष्ट्रीय पातळीवरील पोचपावती होती.

पदवी मिळू लागल्याने व्यायामशिक्षकाला शाळेत वेतनश्रेणी आणि प्रतिष्ठा मिळाली, हा लाभ मोठा होता. त्याचबरोबर जी विद्या पूर्वी हौसेने आणि राष्ट्रकार्य म्हणून शिकली जात असे, ती नोकरीची अट झाली. आणि शाळांतून व्यायामशिक्षकाच्या जागा कमी होऊ लागल्या, की तिची मागणीही कमी होणार हे ओघानेच आले. ‘प्रसारक’ या शब्दाची परीक्षा या टप्प्यावर लागते, आणि मंडळाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती टाळू नये.

याच काळात स्पेनमध्ये क्लबांनी १९८३ साली स्वतःची व्यावसायिक लीग सुरू केली, आणि १९९० च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागधारकांच्या कंपनीचे रूप घ्यावे लागले. बदालोनाचा क्लबही त्यांत होता. १९९४ साली तेल अवीव येथे ऑलिंपियाकोस या ग्रीक संघाला ५९ विरुद्ध ५७ असे हरवून या क्लबने युरोपचे विजेतेपद मिळवले, आणि एका लहान औद्योगिक शहराच्या दृष्टीने ते यश असाधारण होते. पण त्यानंतर मोठ्या क्लबांच्या पैशापुढे टिकाव धरणे हाच त्याचा मुख्य उद्योग होऊन बसला. भारतात असे व्यावसायिक युग देशी खेळांना उशिरा आले. २०१४ साली, म्हणजे अमरावतीच्या आखाड्याच्या शताब्दीच्या वर्षी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही लीग आली. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांत विजेतेपद मिळवले. या दोन्ही लीगांत महाराष्ट्राचे संघ आहेत, विदर्भाचा एकही नाही. लीगचा संघ बाजारपेठ पाहून उभा राहतो; त्याचा मालक बदलतो, कधी नावही बदलते, आणि त्याला स्वतःचा आखाडा असावा लागत नाही.

व्यावसायिक संघ आणि सार्वजनिक मंडळ यांच्याहून वेगळा, क्रीडासंस्थेचा तिसरा नमुना शेजारच्या अकोल्यात दिसतो. तेथे मुष्टियुद्धाचे, म्हणजे बॉक्सिंगचे, प्रशिक्षण क्रीडाप्रबोधिनी या शासकीय निवासी योजनेतून चालते. निवडलेल्या मुलांना शासन राहण्याची, जेवणाची आणि शिक्षणाची सोय देते आणि त्यांच्याकडून राष्ट्रीय पातळीवरील कामगिरीची अपेक्षा ठेवते. कंपनी, शासन आणि सार्वजनिक मंडळ या तीन आश्रयदात्यांपैकी कंपनीला प्रेक्षक हवा असतो, शासनाला पदक हवे असते, आणि मंडळाला विद्यार्थी हवा असतो. अमरावती ते अकोला हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. परंतु क्रीडासंस्थेच्या रचनेचे दोन वेगळे विचार या अंतरात शेजारी शेजारी नांदतात, आणि वऱ्हाडच्या क्रीडाजीवनाचा अभ्यास दोन्ही ठिकाणे एकत्र पाहिल्याशिवाय पुरा होणार नाही.

८

या विषयाच्या अभ्यासातील अडचणी येथे नमूद करणे आवश्यक आहे. पहिली अडचण गौरवकथांची आहे. ज्या संस्थेला मोठ्या व्यक्तींनी भेटी दिल्या, तिच्या इतिहासात त्या भेटीच ठळक होतात, आणि वर्षानुवर्षे पहाटे मैदान झाडणारा, हौद्यातील माती उकरणारा आणि नवशिक्याच्या पाठीला हात देऊन त्याला पहिली तेढी करायला लावणारा साहाय्यक शिक्षक अनामिक राहतो. दुसरी अडचण मौनाची आहे. ज्या शहरात १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झाले, त्या शहरातील आखाड्यांत कोणत्या जातींची मुले कधीपासून एका मातीत उतरली, मुस्लीम तरुणांचा सहभाग किती होता, आणि मुलींना मल्लखांबाला हात लावण्याची मुभा केव्हा मिळाली, हे प्रश्न गौरवग्रंथ विचारीत नाहीत. इतिहासाने ते विचारले पाहिजेत. उत्तर संस्थेच्या बाजूने निघाले तर तिचे श्रेय वाढेल, आणि विरुद्ध निघाले तर त्या काळाचे ज्ञान वाढेल.

तिसरी अडचण साधनांची आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. व्यावसायिक क्लबच्या प्रत्येक सामन्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी छापले जाते, त्यामुळे बदालोनाच्या संघाने एखाद्या रविवारी किती गुण केले, हे ग्रंथालयात बसून शोधता येते. व्यायामशिक्षकाने दर्यापूरच्या, मूर्तिजापूरच्या किंवा बाळापूरच्या शाळेत तीस वर्षे काय शिकवले, याचे वृत्त कोणी छापले नाही. त्याचा पुरावा असलाच, तर तो शाळेच्या जुन्या हजेरीपटात, संमेलनातील मानवी मनोऱ्याच्या छायाचित्रात, लाकडी पेटीत घडी करून ठेवलेल्या उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्रात आणि आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीत आहे. ही साधने दरवर्षी घरदुरुस्तीत, रद्दीत आणि मृत्यूने नाहीशी होत आहेत.

म्हणून या प्रस्तावनेच्या शेवटी वाचकांना एक विनंती करणे उचित होईल. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील ज्या घरांत एखादे आजोबा, काका किंवा गुरुजी उन्हाळी वर्गाला जाऊन आले असतील, त्या घरांनी त्यांची प्रमाणपत्रे, छायाचित्रे आणि वह्या जपून ठेवाव्यात, छायाचित्रामागे माणसांची नावे आणि साल लिहून ठेवावे, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या हाती त्यांची एक प्रत द्यावी. करंडक संस्थेच्या कपाटात सुरक्षित आहेत. शिक्षकांची नावे तेवढी अजून लिहून व्हायची आहेत.